पोटात ठेवलेले दुखणे

आमच्या आजीच्या तोंडी काही नावे कधी येत नसत. तिन्हीसांजेला साप म्हणायचे नाही, जनावर म्हणायचे; आणि क्षय तर सकाळीही म्हणायचे नाही, संध्याकाळीही नाही. 'ते दुखणे' एवढे म्हटले, की माजघरात बसलेल्या बायकांना उमजत असे. ते दुखणे म्हणजे खोकला, ते दुखणे म्हणजे रुमालावरचा रक्ताचा डाग, ते दुखणे म्हणजे मिरजेच्या किंवा पाचगणीच्या हवेत खाटेवर पडून राहिलेला एखादा तरुण मुलगा, अशी आम्हा सर्वांची पक्की समजूत होती. छातीखेरीज शरीरात अन्यत्र कोठे क्षयाचे ठाणे असू शकेल, ही गोष्ट आमच्या ध्यानीमनीही नव्हती. या एका समजुतीची किंमत आमच्या घराने एकदा पुरती मोजली, आणि दुसऱ्यांदा मोजता मोजता ते वाचले. त्याची ही हकीकत.

माझे आजोबा निजामाच्या अमदानीत नोकरीच्या शोधात गोव्याहून हैदराबादेस आले आणि काचीगुड्याच्या एका वाड्यात बिऱ्हाड करून राहिले. जवळच सुलतान बाजार, भोवती मराठी शेजार. घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि रस्त्यावर दखनी, असा आमचा तीन भाषांचा संसार होता. आजोबांची धाकटी मुलगी, म्हणजे माझी आत्या, बेळगावी दिलेली होती. लग्नाला सहा वर्षे होऊनही मूल नाही आणि प्रकृतीही धड नाही, म्हणून १९५८ साली तिला माहेरी आणून सोडण्यात आले. मी तेव्हा सात वर्षांचा होतो.

जेवून उठल्यावर घटकाभराने तिच्या पोटात कळ येई. मग बेंबीच्या उजव्या अंगाला एक गोळा वर येई, गुरगुर आवाज करी, थोडा वेळ पोटात फिरे आणि एकाएकी विरून जाई. आम्हा मुलांना त्याची मोठी गंमत वाटे. आत्याच्या पोटात मांजर आहे असे आम्ही म्हणत असू, आणि कळ ओसरली की तीही आमच्याबरोबर हसे. आजी ओव्याची पूड गरम पाण्यातून देई, पोटावर हिंगाचा लेप घाली आणि म्हणे, "वायगोळो तो, येता तसो वता." शेजारच्या वैद्यांनी संग्रहणीचे निदान केले; एका हकिमाने मेदा कमजोर झाला आहे असे सांगून माजूम दिले. जेवले की दुखते, म्हणून आत्याने हळूहळू जेवणेच सोडले. पाटावर बसायची, भात चिवडायची, आणि आजीची पाठ वळली की आपल्या पानातला घास माझ्या पानात सारायची.

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती आणि बहुधा घरात सर्वांनाच ठाऊक असावी. संध्याकाळी ती माझा अभ्यास घेई, तेव्हा तिचा हात माझ्या मानेवर असे, आणि तो हात कढत लागे. रोज संध्याकाळी कढत लागे. पण ही गोष्ट वैद्यांना कोणी सांगितली नाही, हकिमालाही सांगितली नाही. ताप आणि झिजणे हे दोन शब्द एकत्र उच्चारले, की तिसरा शब्द आपोआप येतो. आणि तो शब्द घरात आला, तर माझ्या दुसऱ्या आत्याचे लग्न व्हायचे होते. आत्या कधी खोकली नाही, हे आजी ज्याला त्याला आवर्जून सांगे. १९६० च्या मार्गशीर्षात एका रात्री तो गोळा वर आला तो विरलाच नाही. उलट्या सुरू झाल्या, पोट नगाऱ्यासारखे ताणले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सारे आटोपले. तिचे वय त्या वेळी सव्वीस वर्षांचे होते.

यानंतर अठ्ठावन्न वर्षे लोटली. आजी गेली, आजोबा गेले, काचीगुड्याचा वाडा गेला. २०१८ च्या श्रावणात माझ्या धाकट्या भावाची मुलगी, तीही सव्वीसच वर्षांची, एके दिवशी म्हणाली, "काका, माझे कपडे कमरेला घट्ट होताहेत आणि खांद्यावर सैल होताहेत, हे काय असेल?" मी हसण्यावारी नेले. हायटेक सिटीतली बैठी नोकरी, बाहेरचे अवेळी खाणे, असे म्हणून मी तिला ओवा खायला सांगितले. आजीचा ओवा माझ्या तोंडून कसा बाहेर पडला, याचे आज मला नवल वाटते आणि लाजही वाटते.

महिनाभरात तिचे पोट फुगले आणि चेहरा उतरला. सोनोग्राफीत पोटात पाणी झालेले दिसले. रक्ताची एक तपासणी असते. अंडाशयाच्या कर्करोगात तिचा आकडा वाढतो. तो वाढलेला निघाला. जेथे आम्ही प्रथम गेलो, तेथील डॉक्टरांनी कर्करोगाचा दाट संशय सांगितला आणि शस्त्रक्रियेची तारीख दिली. अंडाशये काढावी लागतील, हेही सांगितले. तिचे लग्न त्याच वर्षी मार्गशीर्षात ठरलेले होते. माझ्या भावजयीने देवापुढे समई लावली आणि ती तेथेच बसून राहिली, उठेचना. मंगेशाला अभिषेक बोलून झाला, लघुरुद्र बोलून झाला, आणि पुढे काय बोलावे हे तिला सुचेना.

एका स्नेह्याच्या आग्रहावरून, तारखेच्या आधी आम्ही पोटाच्या विकारांच्या एका तज्ज्ञाकडे गेलो. हैदराबाद हे या विद्येचे मोठे ठिकाण झाले आहे, डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांच्या संस्थेचे नाव त्यासाठी देशाबाहेरही घेतले जाते, आणि त्या परंपरेत तयार झालेले पुष्कळ तरुण डॉक्टर आज या शहरात आहेत. आमचे डॉक्टर त्यांतलेच एक. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि मुलीला विचारले, "संध्याकाळी अंग गरम होते का?" ती हो म्हणाली. आम्हा कोणालाच ते ठाऊक नव्हते. मग त्यांनी आमच्याकडे वळून विचारले, "घरात पूर्वी कोणाला क्षय झाला होता का?" भाऊ तत्काळ नाही म्हणाला. आत्या गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता; त्याला ती आठवतही नाही. मीही नाहीच म्हणणार होतो. तोंड उघडले आणि मानेवर तो कढत हात आला.

मी आत्याची सारी हकीकत सांगितली. उजवीकडचा गोळा, त्याची गुरगुर, त्याचे विरून जाणे, जेवणाची भीती, आणि शेवटची ती रात्र. डॉक्टर शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले की साठ वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान मी आज छातीठोकपणे करू शकत नाही. परंतु तुम्ही जे सांगितले, ते आमच्या पुस्तकात आतड्याच्या क्षयाच्या प्रकरणात जवळजवळ याच शब्दांत लिहिलेले असते. लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते, त्या सांध्यात क्षयाच्या जंतूला विशेष आवडीची जागा सापडते. अन्न तेथे रेंगाळते आणि जंतूला ठाव देणाऱ्या लसिका-ग्रंथीही तेथे दाट असतात. तेथे व्रण होतो, व्रण भरताना आतडे आकसते, आणि अरुंद वाटेतून अन्न पुढे रेटताना मागचे आतडे फुगून वर येते. आम्ही ज्याला मांजर म्हणत होतो, ते हे. मूल न होण्याचेही तेच कारण असू शकेल, कारण हा जंतू स्त्रीच्या गर्भनलिकांतही शिरतो. ज्या दोषासाठी तिला सासरहून परत आणून सोडले, तो दोष नव्हताच. तो रोग होता.

त्यांनी पुढे जे सांगितले, त्याने मी थक्क झालो. हा रोग पोटात शिरला म्हणजे बहुरूप्यासारखा वागतो. अन्ननलिकेत बसला तर घास गिळता येत नाही आणि लोकांना कर्करोगाची शंका येते. जठरापुढच्या आतड्यात बसला तर रात्री खाल्लेले सकाळी उलटून पडते. यकृताजवळच्या ग्रंथी सुजल्या तर पित्ताची वाट दाबली जाऊन कावीळ होते, आणि ती कावीळ कोणत्याही पथ्याने हटत नाही. कधी तो अपेंडिक्सचे सोंग घेतो, कधी मोठ्या आतड्यातून रक्त पाडतो, कधी गुदद्वाराशी पुनःपुन्हा फुटणाऱ्या भगंदराच्या रूपाने येतो. उदराच्या पडद्याला धरले, की पोटात पाणी होते आणि अंडाशयाच्या कर्करोगात चढणारा तो रक्तातला आकडाही चढतो. शिवाय पुष्कळ रुग्णांच्या छातीचा फोटो अगदी स्वच्छ असतो, म्हणून कोणाला संशयच येत नाही.

या बहुरूप्याचे एक सोंग तर फारच घातक आहे. १९३२ साली क्रोन नावाच्या अमेरिकन डॉक्टराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आतड्याचा एक निराळाच विकार वर्णिला. तो क्षय नव्हे, पण दुर्बिणीतून पाहिले असता दोहोंचे व्रण सख्ख्या भावंडांसारखे दिसू शकतात. क्रोनच्या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. तीच औषधे चुकून क्षयाच्या रोग्याला दिली, तर पहारेकऱ्याला झोपवून चोराला दार उघडून दिल्यासारखे होते. म्हणून घाई नको, आधी पुरावा पाहू, असे डॉक्टर म्हणाले.

पुरावा मिळाला. सीटी स्कॅनमध्ये तो आतड्यांचा सांधा जाड झालेला दिसला; दुर्बीण घालून तेथला तुकडा काढला; पोटातले पाणीही तपासले. चार दिवस आम्ही वाट पाहत होतो. रोज इस्पितळाकडे जाताना आमची गाडी बेगमपेठेवरून जाई. तेथे ती जुनी इमारत आहे, जिच्यात रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू सापडले. लहानपणी शाळेतून आम्हाला ती दाखवायला नेले होते. तोपर्यंत माणसे हिवतापाचे मूळ दूषित हवेत शोधीत होती, आणि ते निघाले एका चिलटाएवढ्या जिवाच्या पोटात. दुखणे जेथे आहे असे सर्वांना वाटते तेथेच ते असते असे नाही, हा धडा आमच्या शहराने साऱ्या जगाला दिला आणि आम्ही शहरवासी तो विसरलो, असा विचार त्या दिवसांत मनात येई.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बोलावले आणि सांगितले की क्षय आहे. तुकड्यातच त्याची खूण सापडली आहे. कर्करोगाचे चिन्ह नाही. माझी भावजय ढसाढसा रडू लागली. तेथली वयस्क परिचारिका तिच्या पाठीवर हात ठेवून आपल्या दखनीत म्हणाली, "रोओ नक्को अम्मा, दवा है इसकी." घरी येऊन आम्ही देवापुढे साखर ठेवली. जो शब्द आजी जन्मभर जिभेवर येऊ देत नव्हती, तोच ऐकून तिच्या नातवंडांनी साखर वाटावी, यापेक्षा काळाचा फेरा तो कोणता!

आणि औषध खरोखरच आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला, तरी त्यावर उपाय सापडण्यास आणखी साठ वर्षे जावी लागली. स्ट्रेप्टोमायसिन १९४० नंतरच्या दशकात आले, आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, जे स्वस्त होते आणि गोळीने घेता येत होते. मद्रासला १९५६ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला आणि १९५९ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गरीब वस्तीतला फुप्फुसाच्या क्षयाचा रोगी घरी राहून नियमाने औषध घेईल, तर तो आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. १९५९! आमची आत्या १९६० मध्ये गेली. औषध तिच्या हयातीत होते, तिच्या देशात होते, हैदराबादेहून एका रात्रीच्या आगगाडीच्या अंतरावर त्याची कीर्ती झाली होती. ती औषधावाचून गेली नाही. ती नावावाचून गेली. हे कळल्यानंतर मला कित्येक रात्री झोप आली नाही.

पुतणीचे औषध सहा महिन्यांचे होते: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. सरकारी केंद्रातून ते फुकट मिळते, आणि त्याच वर्षापासून रोग्याला पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये देण्याची योजना सुरू झाली होती. पुढे २०२४ मध्ये ती रक्कम हजार झाली. दोन महिन्यांत पोटातले पाणी ओसरले आणि जेवणाची चव परत आली. असे असता आम्ही वडील मंडळी काय करीत होतो? आम्ही तेच करीत होतो, जे आजीने केले. 'पोटात पाणी झाले होते, आता बरी आहे' एवढेच बाहेर सांगायचे, असा ठराव झाला, आणि तो ठराव मांडणारा मीच होतो. वराकडच्यांना तर अवाक्षर कळू द्यायचे नव्हते. घरातही तिचे ताट-वाटी निराळी झाली होती. पोटाचा क्षय, छातीत रोग नसेल तर, असा ताट-वाटीने किंवा श्वासाने दुसऱ्याला लागत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावले होते. तरी ताट निराळेच राहिले. कोणी सांगितले नाही, कोणी ठरवले नाही. ते आपोआप निराळे झाले.

एके संध्याकाळी तिने ते ताट उचलून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "काका, आपले कुलदैवत मंगेश ना? मग त्याच्या डोक्यावर काय आहे?" मी म्हणालो, चंद्र. "आणि त्या चंद्राला काय झाले होते?"

मला उत्तर ठाऊक होते. लहानपणी मीच तिला ती कथा सांगितली होती. दक्षाने आपल्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या. तो एकट्या रोहिणीत रमला. दक्षाने त्याला शाप दिला आणि चंद्र राजयक्ष्म्याने झिजू लागला. प्रभासक्षेत्री त्याने शंकराची आराधना केली, तेव्हा त्याला पंधरवडा झिजण्याचा आणि पंधरवडा भरण्याचा उःशाप मिळाला. आपल्या आयुर्वेदानेही हीच कथा राजयक्ष्म्याच्या आरंभी घातली आहे, आणि चरकाने त्या रोगाची लक्षणे मोजताना खोकल्याबरोबर अरुची आणि मलाचा विकारही मोजला आहे. म्हणजे हा रोग केवळ छातीचा नव्हे, याची जाणीव आमच्या पूर्वजांना होती. आम्हीच ती हरवली.

ती म्हणाली, "चंद्राने आपला क्षय साऱ्या आकाशाला दाखवला. आणि देवाने त्या क्षयी चंद्राला उचलून डोक्यावर ठेवले. तुम्ही माझे ताट वेगळे ठेवता."

मला बोलता आले नाही. दुसऱ्या दिवसापासून ताट एक झाले. वराकडच्यांना तिने स्वतः सगळे सांगितले. त्यांनी सौजन्याने ऐकून घेतले, विचार करून कळवतो म्हणाले, आणि पुढे काही कळवले नाही. भावजयीने मला बोल लावला नाही, पण मुलीने तोंड उघडले नसते तर, हा प्रश्न त्या वर्षी आमच्या घरात पुष्कळ दिवस अबोल उभा होता. मुलगी फक्त एवढेच म्हणाली, की जे घर सहा महिन्यांच्या गोळ्यांना भ्याले, त्या घरात आत्याआजीसारखे परत आणून सोडले जाण्यापेक्षा हे बरे.

पुढच्या वर्षी येथल्या आमच्या मंडळींच्या समाराधनेत ती पंक्तीत वाढायला उभी राहिली. काही नजरा तिच्याकडे वळल्या, एक-दोघींनी पान झाकल्यासारखे केले; ती वाढत राहिली. मागचे आवरताना आमच्यातल्याच एक बाई तिला कोपऱ्यात घेऊन गेल्या. पदराने तोंड अर्धे झाकून त्यांनी सांगितले, की त्यांच्या धाकट्या मुलीच्या पोटात जेवल्यावर गोळा उठतो, दोन वर्षे झाली, वजन उतरले आहे, आणि कोणाला सांगावे ते कळत नाही. पुतणीने दुसऱ्याच दिवशी त्या मुलीला आमच्या डॉक्टरांकडे नेले. तपासणीअंती तिला क्षय नव्हता, तो क्रोनचा विकार निघाला, आणि त्याचे निराळे औषध सुरू झाले. प्रत्येक पोटदुखी क्षय नव्हे, हेही तितकेच खरे. पण ते तपासल्यावाचून कळत नाही, आणि सांगितल्यावाचून तपासले जात नाही.

असो. आपल्या भाषेत गुपित राखण्याला 'पोटात ठेवणे' म्हणतात, आणि क्षमा करण्यालाही 'पोटात घालणे' म्हणतात. आमच्या घराने एक दुखणे अठ्ठावन्न वर्षे पोटात ठेवले. आत्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. गेल्या महाशिवरात्रीस मंगेशीला गेलो होतो, तेव्हा संकल्पात पुरोहितांनी घरातल्यांची नावे विचारली. मी सर्वांची सांगितली, आणि शेवटी आत्याचेही नाव सांगितले. हयात नाही, असे मी म्हणालो. ते क्षणभर थांबले. मग मनातल्या मनात सांगा, म्हणाले. मी ते मोठ्याने सांगितले.